सात नावांचा एक निळा डाग

गोविंदा सोनकुसरे रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं लोकांचं शौच तपासत होता, आणि हे तो होता होईतो कोणाला सांगत नसे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं विचारलंच, तर "दवाखान्यात कागद पाहतो" एवढं बोलून तो वरणाची वाटी पुढे करायचा. ते खोटंही नव्हतं.

दवाखान्याच्या अगदी मागे, पूर्वी चादरी ठेवायच्या त्या खोलीत त्याचं टेबल होतं. खिडकीच्या काचेला अर्ध्यापर्यंत पांढरा रंग फासलेला, कोपऱ्यात फिनाइलचा डबा आणि टेबलावर दोन बाटल्या. एकीत ग्वायकम नावाच्या कुठल्याशा परदेशी झाडाचा डिंक स्पिरिटमध्ये विरघळवलेला, दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड. टीपकागदाच्या तुकड्यावर काडीनं नमुना पातळसा सारवायचा, वर दोन्ही बाटल्यांतले दोन-दोन थेंब टाकायचे आणि अर्धं मिनिट थांबायचं. कागद होता तसा राहिला तर ठीक. निळं उमटलं तर आत रक्त आहे. डोळ्याला न दिसणारं, ज्याचं आहे त्यालाही ठाऊक नसलेलं. आतड्यात वाईट गाठ धरली की ती दुखायच्या कितीतरी आधीपासून अशी थेंबाथेंबानं गळू लागते, असं मधुसूदन डॉक्टर सांगत.

हे निळं गोविंदाच्या कधी अंगवळणी पडलं नाही. ते एकदम येत नसे. आधी काहीच नाही, मग कडेला धुरकट काहीतरी, आणि बघता बघता सबंध डाग निळा. कागदाच्या मागून कोणीतरी वर येऊन बघतंय असं त्याला वाटायचं. एकदा सकाळी ज्याचा कागद निळा झाला, तोच माणूस दुपारी सीताबर्डीवर उसाच्या रसाच्या गाडीपाशी हसत उभा दिसला. त्यानं गोविंदाला ओळखलंही नाही. गोविंदा मात्र सायकल वळवून लांबच्या रस्त्यानं घरी गेला. पेशंटपेक्षा तपासणाराच घाबरट, असा हा मामला.

घर महालात, विणकरांच्या गल्लीत. वडील खड्डामागावर नऊवारी लुगडी विणायचे. गोविंदा चार वर्षांचा असताना आई गेली, आणि वडिलांची विधवा बहीण भागीरथा हिनं त्याला वाढवलं. नाकं पुसली, शाळेत बसवलं, मॅट्रिकला नापास झाला तेव्हा पुन्हा बसवलं. वडील गेले, माग मोडीत निघाला, गोविंदाचं लग्न झालं, तरी आत्याबाई तिथेच, शेजारच्या एका खोलीत राहिली. तिनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. मांसमच्छी वर्ज्य, चूल वेगळी, पाणी गाळून. आणि ही गल्ली कशी, तर बुधवारी आणि रविवारी सकाळपासून पाट्यावर काळा मसाला वाटला जायचा, आणि मटणाचा वास सुताला लावायच्या तांदळाच्या खळीच्या वासावर मात करायचा. त्या वासात आत्याबाई आपली नाकाला पदर लावून भाजी निवडत बसलेली असे, आणि कोणावरही राग नसे.

अठ्ठ्याहत्तर साली दसऱ्याच्या आधी मधुसूदन डॉक्टरांनी एक नवीन काम काढलं. ते नुकतेच विलायतेतून शिकून आलेले. तिकडे म्हणे आजारी नसलेल्या माणसांचीही ही तपासणी करतात, म्हणजे गाठ लहान असतानाच सापडते आणि कापून काढता येते. आपणही एखादी वस्ती घेऊन पाहू, पन्नाशीच्या वरचे सगळे, असं त्यांनी ठरवलं.

"तुमच्याच गल्लीपासून सुरू करा, गोविंदराव," ते म्हणाले. "तुमचं ऐकतील. नियम दोनच. तीन दिवस मांस, मुळा आणि डोकेदुखीच्या गोळ्या बंद, नाहीतर कागद उगीच निळा होतो. आणि एक्स-रे झाल्याशिवाय निकाल कोणालाही सांगायचा नाही. रक्त म्हटलं की लोक हाय खातात."

गोविंदानं मान डोलावली. मलमाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्या धुतल्या, त्यांवर नावं चिकटवली आणि तो घरोघर फिरला. तीन दिवस पथ्य, मग तीन दिवस रोज सकाळी डबी. लोकांनी आधी थट्टा केली. शेजारचा ताराचंद, छप्पन्न वर्षांचा, मागावर बसला की आठ तास न उठणारा गडी, पोट धरून हसला.

"गोविंदा, तुह्या डॉक्टरले इलायतेत हेच शिकवलं का गा?"

"काका, तीन दिवस मटण सोडा. एवढंच."

"तीन दिवस? मंग जिवंत राहून काय फायदा?" ताराचंद म्हणाला, पण डबी त्यानं ठेवून घेतली. पोराचं मन कशाला मोडा.

अशी अकरा नावं झाली. आत्याबाई त्रेसष्ट वर्षांची, तिचं नाव बारावं व्हायला हवं होतं. गोविंदा डबी खिशात घालून तिच्या दारात गेलाही. ती पितळी वाटीत भिजलेलं जवस चमच्यानं खात होती. पोट साफ होत नाही म्हणून वर्षभरापासून रोज सकाळी तिचा हा उपाय चालायचा.

"दंडवत. ये गा, बस," ती पंथाच्या रीतीनं म्हणाली. "काय आणलं?"

ज्या बाईनं आपल्याला अंघोळी घातल्या, तिच्यापुढे ती डबी ठेवायची आणि यात काय आणून दे ते सांगायचं, हे गोविंदाच्या जिभेवरच येईना. पन्नास परक्या बायकांना त्यानं ते बिनदिक्कत सांगितलं होतं. "काही नाही, सहज आलो," असं म्हणून तो परत फिरला. आणि मनाशी म्हणाला, हिला काय व्हायचंय, ही तर भाजीभाकरीवरची बाई.

पहिल्या सकाळी अकरा डब्या आल्या. सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून त्यानं त्या नेल्या, अकरा कागद मांडले, थेंब टाकले. चार कागद पांढरे राहिले. सात निळे झाले.

एकामागून एक नाही, सगळे बरोबरच. कडेला धुरकट, मग पसरत, एकाच चालीनं, एकाच छटेचं निळं. गोविंदानं बाटल्या तपासल्या. ताजं द्रावण केलं आणि पुन्हा थेंब टाकले. पुन्हा तेच सात. त्यानं मग आपल्या बोटाचा घाम कागदावर पुसून पाहिला, टेबलाची धूळ पाहिली, शेवटी स्वतःचाच नमुना आणून पाहिला. तो पांढरा राहिला.

दुसऱ्या दिवशीही तेच सात निळे. तिसऱ्या दिवशी मात्र अकराच्या अकरा पांढरे. तेव्हा गोविंदा खरा घाबरला. कारण अशी गाठ कधी गळते, कधी थांबते, हे त्याला ठाऊक होतं. पण सात वेगवेगळ्या घरांतली सात माणसं एकाच दिवशी गळतात आणि एकाच दिवशी थांबतात, हे कसं? ठरवून केल्यासारखं?

डॉक्टरांनी दिवाळीनंतर पुन्हा डब्या मागवल्या. तेच सात. या वेळी पहिला दिवस पांढरा, पुढचे दोन निळे, आणि सातही जणांचे अगदी तसेच.

त्या दिवसांत गोविंदाचं गल्लीतलं चालणं बिघडलं. मागांची खटखट त्याच्या लहानपणापासूनची. आता ती कानावर आली की तो थबकून ऐकत राही, सगळे धोटे एकाच वेळी फेकले जाताहेत की काय म्हणून. ताराचंद दारात उभा राहून पान थुंकला, की तो लाल डाग गोविंदाला बघवत नसे. सात जण हसत होते, भांडत होते, नातवंडं खेळवत होते, आणि त्यांच्या आत काय चाललंय हे सबंध गल्लीत फक्त त्याला माहीत होतं. या सात जणांना मिळून एकच पोट असावं आणि ते कुठेतरी गल्लीच्या खाली पडून असावं, असं काहीबाही त्याच्या मनात येई. जेवताना ताट अर्धं टाकून तो उठायचा. बायको प्रेमिला विचारायची, "तुमी असे काहून करून राहिले?" तर तो तिच्यावरच खेकसायचा. सांगणार काय? डॉक्टरांना शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द पाळणं हा त्याचा एकच मोठा अभिमान होता.

मग एक्स-रे सुरू झाले. ‘पुन्हा पाहायचंय’ एवढंच सांगून गोविंदा दर आठवड्याला एकाला दवाखान्यात नेई. आतडं फोटोत उठून दिसावं म्हणून खालून बेरियमचं औषध चढवायचं, टेबलावर इकडून तिकडे वळवायचं, फोटो काढायचे. ताराचंदनं तिथे असा काही आरडाओरडा केला की नर्स बाहेर पळाली. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले. सात जणांचे सात फोटो काचेवर लागले. सातही आतडी स्वच्छ होती. वाटाण्याएवढीही गाठ कुठे नाही.

डॉक्टर बराच वेळ फोटोंकडे पाहत राहिले.

"गोविंदराव, यांच्यापैकी कोणाचंच हे रक्त नाही," ते म्हणाले.

"मग कोणाचं आहे, साहेब?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं. माणसावरचा विश्वास उडायला लागला की नजर अशी होते. "एकदा शेवटचं करा. आणि या वेळी नमुने सूक्ष्मदर्शकाखालीही बघा. मांसाचे तंतू दिसतात का बघा. मला वाटतं कोणी पथ्य पाळत नाही."

इकडे आत्याबाई खंगत चालली होती, आणि ते गोविंदाला दिसत नव्हतं असं नाही. पोलक्याची बाही दंडावर लोंबायला लागली होती. ओट्याच्या पायऱ्या चढून आली की ती भिंतीला टेकून उभी राहायची. "उपास कमी करत जा," असं तो जाता जाता म्हणे आणि सायकलवर टांग टाकी. सात जणांच्या काळजीत या आठव्या माणसाकडे नीट पाहायला त्याला सवड नव्हती. याला काय म्हणावं?

फेब्रुवारीत पुन्हा डब्या वाटल्या, आणि पथ्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, त्यानं मुद्दाम ताराचंदच्या घरासमोरून फेरी मारली. ताराचंद ओसरीवर बसून मटण हाणत होता, कपाळावर घाम, नळी चोखत. गोविंदाला पाहून त्यानं ताट लपवलं नाही, उलट "ये जेवाले" म्हणाला. सोमवारी सकाळी त्याची डबी आली. गोविंदानं काचेवर नमुना घेतला आणि डोळा लावला.

मांसाचा एक तंतू नव्हता.

त्यानं दुसरी काच केली, तिसरी केली. आदल्या दुपारी अर्धा किलो मटण रिचवलेल्या माणसाच्या पोटात मटणाचा मागमूस नाही. होत्या त्या भाजीच्या शिरा, आणि चपट्या, तपकिरी, चकचकीत साली. एक बी तर काडीलाच अख्खी चिकटून आली. ती ओळखायला सूक्ष्मदर्शक नको होता. जवस.

त्यानं दुसरी डबी उघडली. जवस. तिसरी, जवस. सातही डब्यांत तीच बी, तशीच न चावता गिळलेली, भिजून फुगलेली. सात तोंडांनी एकाच वाटीतून खाल्लेली.

गोविंदाच्या हातातून काच पडली आणि फुटली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यानं ते तुकडे गोळाही केले नाहीत.

भर दुपारी तो घरी आला तेव्हा प्रेमिला शेवया वाळत घालत होती. त्यानं सायकल भिंतीला आदळली.

"डब्या कोण भरते?"

प्रेमिलाचा हात थांबला. "काय झालं?"

"गल्लीतल्या डब्या. ताराचंद काकाची. बाकीच्यायची. कोण भरते?"

तिनं खाली पाहिलं. मग हळूहळू सांगितलं. ताराचंदची बायको रुख्मिणी हिचीच ती युक्ती. पुरुष काही मटण सोडायचे नाहीत, आणि डॉक्टरकडे तर साफ वस्तू जायला पाहिजे. पाव्हणा घरात येणार म्हटलं की आपण ओसरी सारवतो, तसंच हे. अख्ख्या गल्लीत पथ्याचं एकच माणूस. बायका आत्याबाईकडे गेल्या, आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग मागितलं. आत्याबाईही हसली आणि कबूल झाली. सात घरच्या डब्या रोज पहाटे तिच्या मोरीच्या कट्ट्यावर ठेवल्या जायच्या. पुरुषांना यातलं काही माहीत नव्हतं. ते डबी बायकोच्या हवाली करून मोकळे. बाकीच्या चौघांनी मात्र खरंच पथ्य पाळलं होतं.

"आन तुले माहीत होतं?"

"हाव. तुमाले सांगतलं असतं तर तुमी रागावले असते." आणि मग तिनं विचारलं, "पण तुमी तरी कधी सांगतलं का, डब्यायमंदी काय पाहता म्हणून?"

गोविंदा तिथेच उंबऱ्यावर बसला. पाच महिन्यांत एकदा, फक्त एकदा त्यानं गल्लीत ‘रक्त’ हा शब्द उच्चारला असता, तर सातही बायका धावत आत्याबाईकडे गेल्या असत्या. त्यानं शब्द पाळला होता.

आत्याबाई खाटेवर पडून होती. दुपारची पडायची तिची सवय नव्हती. त्याला पाहून ती उठून बसली आणि लहान मुलीसारखी हसली. चोरी पकडली गेली हे तिला त्याच्या तोंडावरूनच कळलं.

"रुख्मिणीवर रागावू नको गा," ती म्हणाली. "मीच देल्लं. मले काय दुसरं देता येते लोकायले? सगळ्यायचं साफ निघालं ना?"

असं विचारताना तिचा चेहरा कसा अभिमानानं फुलला होता, ते गोविंदा जन्मात विसरला नाही. त्यानं तिचा हात हातात घेतला. खोटं बोलायचं त्याच्या फार मनात होतं.

"त्यात रक्त आहे, आत्याबाई."

तिला कळलं नाही असं त्याला वाटलं. पण तिला कळलं होतं, फक्त ती भलत्याच गोष्टीला घाबरली.

"म्हंजे सात जणायच्या नावावर माह्यं रक्त लागलं?"

"तसं काही नसते. त्यायचे फोटो काढले. ते सगळे चांगले आहेत. तुलेच आता—"

"फोटोचं मले सांगू नको. कागदावर लागलं ना? रुख्मिणीच्या मालकाच्या नावावर लागलं ना?" तिचे डोळे मोठे झाले होते. "लेकराबाळाची माणसं हायेत गा ते. माह्यं दुखणं त्यायच्या नावानं कुठंतरी लिहून पडलं हाय. ते पुसून टाक."

दवाखान्यात जायला तिनं हो म्हटलं, ते याच अटीवर. पहिल्यांदाच तिच्या नावाची डबी झाली आणि पहिल्यांदाच कागद खऱ्या नावानं निळा झाला. फोटोत डाव्या बाजूला आतडं दोरीनं आवळल्यासारखं दिसलं. होळीच्या आधी पोट उघडलं. डॉक्टरांनी पाऊण तासात ते पुन्हा शिवलं, कारण दुखणं यकृतातही सगळीकडे पसरलं होतं.

हात धुताना मधुसूदन डॉक्टर म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये गाठ सापडली असती तर..." ती सापडली होती ऑक्टोबरमध्येच. सात वेळा सापडली होती.

आत्याबाईला घरी आणलं. ती दुखण्याबद्दल फार बोलायची नाही. रोज एकच विचारायची, "पुसलं का?" डोळा लागला असतानाही तिची बोटं चादरीवर काहीतरी पुसत राहायची, घासून घासून. प्रेमिलाला ते पाहवेना. ती बाहेर जाऊन बसायची. हळूहळू ती गोष्ट गल्लीभर झाली, आणि गल्लीला जे कधी वाटलं नव्हतं ते वाटायला लागलं. रुख्मिणी म्हणाली, रात्रंदिवस मालकाच्या तोंडाकडे पाहते, रंग उतरल्यावाणी वाटते. ताराचंद म्हणाला, पोटात खरंच काहीतरी गळल्यासारखं होतं. फोटो स्वच्छ आलेली, धडधाकट सात माणसं एकेक करून जेवण टाकायला लागली. माग बंद पडले नाहीत, पण त्यांचा आवाज मंद झाला. गोविंदा सगळ्यांना समजावून थकला, आणि खरं सांगायचं तर समजावताना त्याचीही खात्री राहिली नव्हती.

शेवटी रुख्मिणीच त्याच्या दारात आली आणि रिकामी डबी मागून घेऊन गेली. तिच्यामागून बाकीच्या सहा जणी आल्या.

त्या आठवड्यात महालातल्या त्या गल्लीत मटण शिजलं नाही. बुधवार गेला, रविवार गेला, पाटे कोरडे राहिले. ताराचंदनं तीन दिवस पालकाची भाजी खाल्ली आणि एका अक्षरानं कुरकुर केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी सात पुरुष स्वतःच्या हातांनी डब्या घेऊन गोविंदाच्या ओट्यावर आले. कोणी हसलं नाही. ताराचंदनं डबी ठेवली आणि म्हणाला, "ही माहीच हाय गा. देवाशपथ."

चादरींच्या त्या खोलीत गोविंदानं सात कागद मांडले. पहिल्या कागदावर त्यानं दोनाऐवजी चार थेंब टाकले. विज्ञान शिकलेल्या माणसानं घाबरायचं कारण नव्हतं. फोटो त्यानं स्वतः पाहिले होते. तरी त्याला वाटत होतं की आता पुन्हा कडेला धूर दिसेल आणि सातही कागद एकाच चालीनं निळे होतील, ती तिकडे महालात खाटेवर पडलेली असताना. आणि तसं झालं तर तो तिला काय सांगणार? त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही, कागदांकडेच पाहत राहिला. अर्धं मिनिट झालं. एक झालं. दोन झाली. खिडकीच्या वरच्या अर्ध्या काचेतून ऊन टेबलावर आलं होतं, आणि त्या उन्हात सातही कागद होते तसेच राहिले.

वाळल्यावर त्यानं प्रत्येकाच्या मागे नाव लिहिलं, मेणकागदात गुंडाळले आणि तो सायकलवर घरी आला. असे कागद घरी आणायचे नसतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आत्याबाईला उठवत नव्हतं. त्यानं ती मेणकागदाची घडी तिच्या छातीवर उघडून धरली आणि एकेक कागद दाखवत नाव वाचलं. ताराचंद. पांढरा. मग पुढचं. प्रत्येक नावाला ती मान हलवायची आणि एक बोट मिटायची. सातवं नाव झालं तेव्हा तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले. चादर घासणारी तिची बोटं थांबली होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता माह्यं मलेच राह्यलं."

गोविंदा खाटेच्या कडेला बसून मोठ्यानं रडला, आणि तिनं त्याला रडू दिलं.